तिसऱ्या भागाला पहिला नंबर

श्रद्धांजलीचे असे लेख मोठ्या माणसांवर लिहितात आणि लिहिणाराही कोणीतरी असावा लागतो, एवढं मला कळतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आणि प्रफुल शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात हमाली करायचा. एकविसाव्या वर्षी, कावीळ होऊन गेला. त्याच्यावर दुसरं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो आहे, असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण ते खरं नाही. मी त्याच्याशी वाईट वागलो आणि ते कबूल करायला आता समोर तो नाही, म्हणून लिहितो आहे. वाचकांना हा आगाऊपणा वाटला तर मला माफ करावं.

आम्ही दोघं पाचवीत होतो. अमरावती रोडवरच्या गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. प्रफुलची माय गोदामात झाडझूड करायची. एकदा ट्रकमधून उतरवताना एक खोका फुटला, वरचा पत्ता भिजून गेला होता आणि मालाचा धनी काही आलाच नाही. सहा-सात महिने वाट पाहून गोदामाच्या मुनीमजींनी तो तिला देऊन टाकला. "पोराइले दे, नाही तर उंदरं खातील." आत ‘काजळगड’ नावाच्या मालिकेची पुस्तकं होती. तेजू नावाच्या मुलीची सावली एक दिवस पळून जाते, आणि ती शोधायला तेजू एका म्हाताऱ्या नावाड्याबरोबर निघते, अशी ती गोष्ट. मालिकेचे भाग सात, पण खोक्यात सहाच निघाले. तिसरा नव्हता. दुसऱ्या भागाच्या शेवटी नावाड्याचे दोन्ही हात धड होते आणि चौथ्याच्या पहिल्याच पानावर त्याला एकच हात. मला ते सहन होईना. मी खरंच रडलो. तेव्हा प्रफुल म्हणाला, "तिसरा मी वाचला ना. मुनीमजीनं त्याच्या पोरीसाठी ठेवून घेतला. सांगू काय तुले?"

तो भाग त्याने मला अख्खा उन्हाळा सांगितला. संध्याकाळी गोदामाचं शटर पडलं की बाहेरच्या मोठ्या वजनकाट्यावर आम्ही पाय पसरून बसायचो. त्या तिसऱ्या भागात सावल्यांचं एक गोदाम होतं. पळालेल्या सगळ्या सावल्या तिथे थप्पी लावून ठेवलेल्या. राक्षस एकेक सावली काट्यावर मोजायचे, तिची बिल्टी फाडायचे, म्हणजे मालाची पावती, आणि कुठल्या गावाला पाठवायची ते वर लिहायचे. पण सावलीला वजनच नसतं, काटा हलत नाही, आणि वजनाशिवाय बिल्टी फाटत नाही. तेजूची सावली मग तिथेच अडकून पडते. शेवटी नावाडी आपला हात काट्यावर ठेवतो आणि म्हणतो, एवढं वजन लिहा आणि सोडा तिला... हे ऐकून मी सदऱ्याने डोळे पुसले. प्रफुल म्हणाला, "रडतो काहून गा? दुसरा हात आहे ना त्याले."

पुढे दर सुट्टीत आम्ही सातही भागांना नंबर द्यायचो. रद्द झालेल्या बिल्टीच्या मागे यादी लिहायची आणि त्यावरून भांडायचं. तिसऱ्याच्या खालोखाल मला पाचवा आवडायचा, त्याला दुसरा. सातव्याला तो नेहमी शेवटी ढकलायचा. "घरी पोचल्यावर सगळे शहाणे होऊन जातात. त्यात काय मजा आहे?" बाकी सगळं बदलायचं, पण तिसऱ्याचा पहिला नंबर कधी हलला नाही. तो भाग शोधून वाचावा असं मला एवढ्या वर्षांत वाटलंच नाही. मला तो पाठ होता.

दहावीनंतर प्रफुल त्याच गोदामात लागला. मी कॉलेजात गेलो. घरी एकच खोली, अभ्यासाला जागा नाही, म्हणून शहरात, सदरला मामाच्या खोलीवर राहू लागलो. दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वाचक मंडळात लहानपणीच्या आवडत्या पुस्तकावर बोलायचं होतं. मी तोवर कॉलेजात कधी उभा राहून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. तिसराच भाग का श्रेष्ठ, ते अगदी मनापासून सांगितलं. वर्गातल्या एका मुलीकडे घरी सगळा संच होता. तिने विचारलं, "राक्षस बिल्टी फाडतात? कुठल्या आवृत्तीत?" सगळे हसले. मंडळ चालवणारे सरही हसले.

मी तिथून उठून थेट वाडीला गेलो. दुपारची सुट्टी होती, हमाल डबे उघडून बसले होते. त्यांच्यादेखत मी प्रफुलला विचारलं, "तू तिसरा भाग वाचलाच नव्हता ना?"

त्याने हात पुसले. "नाही."

"मंग खोटं काहून सांगितलं?"

"तूच रडून राहिला होता गा. हात कुठे गेला, हात कुठे गेला. मंग मी काय करू?"

आजूबाजूचे हसले. तोही हसला. त्यांच्यात हे चालतं, पण मी एका दिवसात दुसऱ्यांदा हसण्याचा विषय झालो होतो. मी म्हणालो, "माझी इज्जत गेली कॉलेजात. तुले काय फरक पडते? तुले तर पोतेच उचलायचे आहेत." हसणं थांबलं. प्रफुलने डब्याचं झाकण लावलं. "मंग आता पहिला नंबर कोणाले देशील?" एवढंच त्याने विचारलं. मी वळून निघालो. ते आमचं शेवटचं बोलणं.

नंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयातून खरा तिसरा भाग आणून वाचला. त्यात एक लढाई होते आणि नावाड्याचा हात दोन ओळींत तुटतो. बस. पुढे त्याचं कोणाला काही वाटत नाही. छापलेल्या पुस्तकापेक्षा दहा वर्षांच्या पोराने सांगितलेलं पुस्तक चांगलं होतं, आणि ते ओळखायलाच तर मी साहित्य शिकतो आहे... हे मला त्याला सांगायचं होतं. किती तरी वेळा मोबाइलवर लिहिलं आणि पुसलं. सदरहून वाडी बसने पाऊण तास. दिवाळीत जाऊ म्हटलं, मग सबमिशन झालं की, मग पेपर संपले की.

शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी घरी गेलो. आईने चहा ठेवला. मी म्हटलं, "प्रफुलकडे जाऊन येतो."

"बस आधी."

"आलोच."

"बस म्हटलं ना बाबू." तिने गॅस बंद केला. "तो नाही आहे आता. सतरा दिवस झाले."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. मामाला माहीत होतं? त्यालाही माहीत होतं. साऱ्या रांगेला माहीत होतं.

"तुझे पेपर होते. त्याच्या मायनंच हात जोडले, म्हणे निखिलले सांगू नका, पोराचं वर्ष जाईन. दवाखान्यात त्यानं दोनदा विचारलं, निखिल आला काय. आम्ही म्हटलं, त्याचे पेपर आहेत." आईने चहाचं भांडं खाली उतरवलं. "मंग त्यानं नाही विचारलं."