उपग्रह डोक्यावर असताना

पाहुण्यांकडे पाठ आणि आभाळाकडे तोंड करून बसणारा माणूस उभ्या मुलुंडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. मुलुंडच्या गच्च्यांवर दूरदर्शनच्या अँटेना उगवत होत्या, तेव्हाची गोष्ट. भावोजींकडे हौशी रेडिओचा परवाना होता. पृथ्वीवरच्या बहुतेकांशी, ताई सोडून, बोलून झाल्यावर त्यांना उपग्रहामार्फत बोलायचं खूळ लागलं. हौशी मंडळींसाठी सोडलेला एक उपग्रह रोज मुलुंडवरून जायचा. खालून पाठवलेला संदेश झेलून दूरदेशी टाकायचा. डोक्यावर असायचा जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. अँटेनासाठी पडद्यांच्या नळ्या गेल्या आणि ताईच्या खिडक्या वर्षभर उघड्या राहिल्या. ताईकडे झालेल्या माझ्या साखरपुड्यात तर ऐन ओटी भरताना भावोजी घड्याळ बघत गच्चीवर पळाले. मुलीकडच्यांना वाटलं, पोट बिघडलं. खाली आल्यावर मला म्हणाले, "लग्न काय रे, मोडलं तर पुन्हा जमवू. तो आता एकदम संध्याकाळी येणार."

पण त्यांची घाई खरी होती. भांडुपच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले होते. उरलंसुरलं ऐकू येणंही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोर्सच्या टिकटिकीत ते आपलं सांकेतिक नाव वर पाठवायचे आणि स्पीकरला कान लावून बसायचे. "एकदा वरून कुणीतरी माझं नाव घेऊ दे," म्हणायचे, "मग कान गेले तरी जाऊ देत." मला त्यांचा राग यायचा, तरी अँटेना फिरवायला मीच जायचो.

त्या रविवारी सकाळी गच्चीवर अँटेना मी फिरवत होतो. त्यांनी नाव पाठवलं, हात मागे घेतला, कान लावला. स्पीकर खरखरत होता, मध्येच काही चिवचिवत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळेना.

"आजही कुणी नाही रे," भावोजी म्हणाले.

ताई चहा घेऊन आली होती. ती थबकली. तिला मोर्स येत नव्हतं. पण ते नाव भावोजी जेवताना ताटावर, झोपताना पलंगाच्या कडेवर वाजवायचे, ते तिला पाठ होतं. तिने कप खाली ठेवला, त्यांचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने वाजवू लागली.

"अहो, हे तुमचंच ना? वरून येतंय."

त्यांनी ताईकडे पाहिलं. मी ओरडलो, "भावोजी, उत्तर द्या, जाईल तो."

भावोजी हलले नाहीत. स्पीकरमधली चिवचिव विरत गेली, उपग्रह डोंगरापलीकडे उतरला. पलीकडचा माणूस वाट बघून निघून गेला असेल. भावोजींचा हात अजून ताईच्या हातात होता.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले.