एक कडी कमी असलेलं घड्याळ

मावळात याआधी मी तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा अक्काकडे, कामशेतला, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. यंदा जानेवारीच्या शेवटी चार दिवस गेलो, तेव्हा अक्का नव्हती.

अक्का माझी मोठी बहीण. मावळातल्या सरकारी दवाखान्यांत तिने तीस वर्षं नर्स म्हणून काढली, लग्न केलं नाही, आणि गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. नाडी मोजायला सेकंद काटा चांगला हवा, तिथून तिचा घड्याळांचा नाद सुरू झाला आणि एका वापरलेल्या स्विस घड्याळापाशी येऊन थांबला. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ते विकून टाक. पण रोज घालेल त्यालाच दे. कपाटात ठेवणाऱ्याला नको. तू कपाटातच ठेवशील." खरं होतं. मला मनगटावर काही सहन होत नाही. सांगलीला आणल्यावर मी ते कपाटातच ठेवलं होतं, आणि दोन दिवसांत ते बंद पडलं होतं. या घड्याळांत सेल नसतो. हात हलत राहिला तरच ती चालतात.

तिच्या डायरीत लोणावळ्याच्या काळे काकांचा नंबर होता. त्यांच्याकडे दर जानेवारीत जुन्या, भारी घड्याळांच्या हौशी लोकांचं एक संमेलन भरतं. फोन केला तर म्हणाले, "सिस्टरचा भाऊ का? या, या. सगळं बरोबर घेऊन या. डबा, कागद, पट्ट्यातून काढलेल्या कड्या." मी सगळं गोळा केलं. वस्तू विकायला न्यायची तर नीट दिसावी, म्हणून सांगलीतल्या एका घड्याळजीकडून चारशे रुपयांत पॉलिशही करून घेतलं. आरशासारखं झालं. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी कोल्हापूरकडून मुंबईला जाणारी दिवसाची गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली तर या प्रवासात कंटाळा येत नाही. डबा घरून न्यावा. लोणावळ्याला उतरलो तेव्हा अंधार पडत होता आणि थंडी चांगलीच होती. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर चौदाशे रुपयांत साधी, स्वच्छ खोली मिळाली. आठवड्याच्या शेवटी आयत्या वेळी गेलं तर हेच भाव दुप्पट होतात, म्हणून माझ्यासारखा आधी फोन करून ठेवावा. चिक्कीची दुकानं परतीच्या दिवसासाठी ठेवावीत, नाहीतर ओझं वाहावं लागतं.

शनिवारी सकाळी मिसळ खाऊन काळे काकांकडे गेलो. निवृत्त इंजिनियर, बंगल्याच्या व्हरांड्यात चार टेबलं, त्यांवर हिरवं कापड. पंचवीसेक माणसं असतील. पुण्या-मुंबईची जास्त. इथे नमस्कार करताना माणसं आधी तुमच्या मनगटाकडे बघतात. माझं मनगट रिकामं बघून दोघांनी मला केटरिंगवाला समजून चहा मागितला. मी दिलाही.

कोणाला या संमेलनाला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. दुसऱ्याचं घड्याळ विचारल्याशिवाय उचलायचं नाही. उचलण्याआधी स्वतःचं काढून खिशात ठेवायचं, म्हणजे एकाचा ओरखडा दुसऱ्याला लागत नाही. आणि विकणाऱ्याने किंमत बोलायच्या आधी दोष सांगायचे. मला वाटलं, माझ्या घड्याळात दोष काहीच नाही.

काळे काकांनी ते हातात घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

"हे सिस्टरचंच ना?"

"हो."

"पॉलिश कोणी केलं?"

"सांगलीला करून घेतलं. चारशे रुपयांत."

कोणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "चारशे देऊन तीस हजार घासून टाकलेत की हो."

मग काकांनी मला समजावलं. कारखान्यातून येताना या धातूवर बारीक, सरळ रेघा असतात, कडा धारदार असतात. वापराचे ओरखडे या लोकांना चालतात, आवडतातसुद्धा. पण घासून गेलेला धातू परत येत नाही. मला पैशांचं फारसं वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. इंजेक्शनचे ट्रे आणि लोखंडी खाटा यांना हात आपटत काम केलेल्या बाईचे ओरखडे होते ते. मी ते चारशे रुपये देऊन पुसून आणले होते.

पारेख नावाचे मुंबईचे एक व्यापारी होते. हसतमुख माणूस. म्हणाले, "मला चालेल, दादा. एक लाख सत्तर हजार देतो."

"रोज घालणारं गिऱ्हाईक आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"माझ्याकडून आठवड्यात पुढे जातं. पुढचा काय करतो ते बघायला मी कुठे जाऊ? तिजोरीत ठेवत असेल."

तेवढ्यात काका पट्ट्याच्या कड्या नखाने मोजायला लागले. अक्काचं मनगट बारीक, म्हणून काही कड्या काढलेल्या होत्या. त्यांतल्या दोन डब्यात होत्या. काकांनी पुन्हा मोजलं.

"एक कमी आहे."

पारेखांनी घड्याळ लगेच कापडावर ठेवलं. "मग मी नाही घेत. आधी तिकडे विचारून या."

मला काहीच कळेना. काका म्हणाले, "आपल्या गटात एक पद्धत आहे. विकणाऱ्याचा जीव वस्तूत अडकलेला असेल, तर घेणारा पट्ट्यातली एक कडी काढून त्या विकणाऱ्याकडे ठेवतो. पुढे कधी विकायचं झालं, तर पहिली विचारणा त्या कडीवाल्याला. त्याला हवं असेल तर ज्या भावाने त्याने दिलं त्याच भावाने परत. नको असेल तर तो कडी देऊन टाकतो, मग कोणालाही विका."

"लिहून वगैरे?"

"कडी आहे की."

"आणि ही कोणाकडे आहे?"

"आंदर मावळात, वडेश्वरच्या पुढच्या वाडीत. सिस्टरने ज्यांच्याकडून घेतलं त्या आबांकडे. फोन लागला तर लागेल, तुम्ही जाऊनच या."

रविवारी सकाळी लोकलने कान्हे स्टेशन गाठलं. तिकीट दहा रुपये. तिथून टाकव्यापर्यंत भरून जाणाऱ्या जीप मिळतात. पुढे एसटी आहे, पण तिच्यावर विसंबून दिवस आखू नये. थांब्यावर एक मावशी भाजीची पाटी घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, वडेश्वरच्या पुढे जायला एसटी आहे ना आता?"

"हाय की."

"किती वाजता?"

"येळ दहाचा हाय. यष्टी कवाची हाय ते तिलाच इचारा."

अकरा वाजता मी चालायला लागलो. खरं सांगायचं तर या चार दिवसांतला हाच तास मला सगळ्यात आवडला. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, डावीकडे ठोकळवाडी धरणाचं निळं पाणी आणि रस्त्यावर माझ्याशिवाय फक्त म्हशी. अक्का या रस्त्याने लसींचा डबा घेऊन चालत जायची, असं काळे काकांनी सांगितलं होतं. तिने पत्रात कधी लिहिलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. पुढे एका दुधाच्या टेम्पोने मला वाडीपर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत. पाणी भरपूर जवळ ठेवा, वाटेत दुकान नाही.

आबांचं घर शेवटचं. पंच्याहत्तरीपुढचे, उंच, वाळलेले. ओट्यावर दोरी वळत बसले होते. मी सांगितलं, मी सिस्टरचा भाऊ, सांगलीहून आलो.

"आरं, ये की! आन शिष्टर का न्हाई आली?"

सूनबाई सुमन पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "दिवाळीला लय वाट बघितली त्यांची. दर दिवाळीला यायच्याच."

कोणाला तरी कळवायचं राहिलं असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी सांगितलं. आबांनी दोरी खाली ठेवली. मग सुमन आत गेल्या आणि जेवणाचं बघायला लागल्या.

जेवताना आबा बोलते झाले. इंद्रायणीचा भात, पिठलं, तांदळाची भाकरी. त्यांची मूळ जमीन नवलाख उंबऱ्याला. ती कारखान्यांसाठी गेली. पैसे आले तेव्हा कोणी गाडी घेतली, कोणी सोनं.

"म्या पुन्याला जाऊन ह्ये घड्याळ घेतलं. आन हितं आनून ठिवलं भाताच्या कणगीत. चिखलात घालनार कसं? तिसऱ्या दिशी बंद! तळेगावला गेलतो सेल टाकायला. त्यो घड्याळवाला हसून हसून खाली बसला. म्हनला, आबा, ह्याच्यात सेल न्हाई. मला वाटलं, येवढं पैसं घेतलं आन सेल बी टाकला न्हाई ह्यांनी!"

सुमन पदर तोंडाला लावून हसत होत्या. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असणार.

"मंग शिष्टर आली दवाखान्याची. म्हनली, आबा, ह्याला हातावर ठिवा, ह्याला मानूस लागतंय. म्या म्हनलं, मंग तुमीच घ्या, तुमी दिसभर हात हलवता."

मी घड्याळ पिशवीतून काढलं. आबांनी उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"ह्ये कुनाचं आनलंस? शिष्टरचं आसं नवरीवानी चकचकीत नव्हतं."

मी पॉलिशचं आणि मुंबईच्या पारेखांचंही सांगितलं. आबा उठले. आत जाऊन एक औषधाची छोटी प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात एक कडी होती, आणि एक चिठ्ठी. अक्काचं अक्षर. "आबांना विचारल्याशिवाय विकणार नाही."

कडी घड्याळाशेजारी ठेवली. कडीवर त्या बारीक सरळ रेघा तशाच होत्या, मंद राखाडी. सबंध घड्याळ पूर्वी असं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

आबांनी कडी माझ्याकडे सरकवली. "घिऊन जा. मला म्हाताऱ्याला काय करायचंय आता? दे त्या मुंबईवाल्याला."

म्हणजे मी मोकळा झालो होतो. पारेखांचे पैसे जास्त होते, काम सोपं होतं. मी दुसऱ्याला आग्रह करणारा माणूस नाही. सांगलीतल्या ऑफिसात सगळी वर्षं मी आराखडे काढले आणि कोणाशी वाद घातला नाही. पण घड्याळ मी परत पिशवीत घातलं नाही.

"आबा, एकदा घालून तर बघा."

"माझ्या हातात यायचं न्हाई. ह्ये बाईच्या हाताचं केलंय."

"बघा तरी."

त्यांनी हात पुढे केला. मी वेळ लावून चाप लावला. बरोबर बसलं. घड्याळ अक्काला दिल्यापासूनच्या दहा-बारा वर्षांत आबांचं मनगट वाळून अक्काच्या मनगटाएवढं झालं होतं. ते स्वतःच हाताकडे बघत राहिले. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर ठेवून सेकंद काट्याकडे बघायला लागले.

"शिष्टर आशी धरायची," ते म्हणाले. पूर्ण फेरी होईपर्यंत ओठ हलवत मोजलं. "सत्तर. ती म्हनायची, आबा, घोडा हाय तुमी."

"रोज घालणार?" मी विचारलं. "अक्काची तेवढीच अट होती."

"परत कणगीत ठिवतील बघा," सुमन म्हणाल्या.

"गप गं! भात आता पोरगा बघतोय. मला दुधाला जायाचं आन यायचं. आता चिखल कुटला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घालीन. झोपताना बी घालीन. पन भाव म्या दिला त्योच. एक चाळीस."

"पद्धत तीच आहे," मी म्हणालो.

त्यांनी चेक दिला, मी डबा, कागद आणि त्या दोन कड्या दिल्या. तिसरी मी त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी चिठ्ठीच्या पिशवीसकट माझ्या मुठीत कोंबली. "येडा का खुळा? आता इकनारा तू. कडी तुझ्याकडं." आणि सुमनला म्हणाले, "लिव गं."

सुमननी वहीच्या कागदावर लिहिलं, "शिस्टरच्या भावाला विचारल्याबिगर विकनार न्हाई." आबांनी खाली सही केली. सही करताना मनगटावरचं घड्याळ मुद्दाम दिसेल असा हात धरला होता.

परतताना एसटी मिळाली. थांब्यावर आबा सोडायला आले होते. कंडक्टरला त्यांनी मनगट दाखवून सांगितलं, "अठरा मिंटं लेट हायस." कंडक्टर म्हणाला, "आबा, कालपर्यंत तुमी तारीख बी इचारत नव्हता."

सोमवारी पारेखांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं, दादा. कडी सांभाळा." काळे काकांना पाव किलो चिक्की देऊन दुपारची गाडी पकडली. एकूण खर्च, खोलीसकट, सात हजारांच्या आत.

जाण्यापूर्वी मला वाटत होतं की घड्याळ दिल्यावर रिकामं वाटेल. तसं झालं नाही. ती पिशवी आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. एक कडी, दोन चिठ्ठ्या, एक अक्काच्या अक्षरात, एक सुमनच्या. कडी मी अधूनमधून हातात घेतो. तिला पॉलिश करायची नाही हे आता मला माहीत आहे.

आबा घड्याळ घालतात की नाही, हे बघायला मी रोज मावळात जाऊ शकत नाही. पण ते नकोसं झालं तर आधी मला विचारावं लागेल. म्हणजे विचारायला फोन येत नाही, तोपर्यंत ते एका चालत्या हातावर आहे. अजून फोन आलेला नाही.