खाडीत बांधून ठेवलेली गाडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. बाळकुमच्या खाडीतली लाल गाडी मात्र कागदाशिवाय आठवते.

मी तेव्हा ठाण्यात पोलीस निरीक्षक होते. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात बाळकुमचे एक जमीनमालक आले. त्यांची एटीव्ही चोरीला गेली होती. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, चिखलातून मौजेखातर पळवायची गाडी. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, म्हणून ती आपल्याच जमिनीवर, खाडीच्या बांधापर्यंत फिरवायचे.

"मॅडम, एफआयआरची कॉपी लगेच द्या. इन्शुरन्सवाल्याला पाठवायचीय."

"आधी गाडी शोधू की कॉपी देऊ?"

"तुम्ही शोधत राहा, कॉपी द्या."

घाई पाहून मी पॉलिसी मागवली. विमा फक्त आग आणि चोरीचा होता. अपघात, चिखल, पाणी यातलं काहीच नाही. का, म्हणून विचारलं.

"माझीच जमीन, माझाच बांध. टक्कर कोणाशी होणार? म्हशीशी?"

गाडी कोण चालवतं, या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'फक्त मी'.

शेडचं कुलूप फुटलेलं नव्हतं. एक चावी घरात, दुसरी राखणदाराकडे. मालकांनी संशयित म्हणून त्याचंच नाव दिलं. वर्तकनगरला राहणारा, पन्नाशी उलटलेला माणूस, बारा वर्षं त्यांच्याकडे कामाला. चौकशीला आणल्यापासून तो पोलीस ठाण्यातल्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसला होता, उघडत नव्हता.

मी त्याला तीनदा प्रश्न विचारले, दर वेळी क्रम बदलून. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी आपली गोष्ट सुधारून सांगतो. याने काही सुधारलं नाही.

"मॅडम, पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे," एवढंच तो शेवटी म्हणाला. "चोर म्हणून नाव लागलं, तर सोयरे मांडवात येतील का?"

मला तो खरा वाटला. पण वाटणं हा पुरावा नव्हे. चावी त्याच्याकडे होती.

दुपारी तीनला खबर आली. खाडीत खेकडे धरणारा आमचा एक खबरी फोनवर म्हणाला, "कांदळवनात लाल कायतरी हाय. पाणी उतरतंय तसं वर येतंय."

हवालदारांना घेऊन गेले. गाडी चिखलात अर्धी रुतली होती. इंजिनाला प्लास्टिक गुंडाळलेलं, सीटवर गोधडीची घडी, आणि हँडलापासून जुन्या मिठागराच्या खुंटापर्यंत ताणून बांधलेला दोर.

"चोरानं टाकून दिली, मॅडम," हवालदार म्हणाले.

"टाकून देणारा बांधून ठेवतो का?"

चोर माल लपवतो, जपत नाही. ही गाडी कुणीतरी जपली होती. आणि भरतीतही न हलणारा तो खुंट मिठागरावर राबलेल्यालाच ठाऊक असणार.

थेट मालकांच्या घरी गेले. ओटीवर त्यांची सत्तरीची आई सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत होती. मी मालकांना विचारलं, "घरात मिठागरावर काम केलेलं कोण आहे?"

"आई. पण तिचा काय संबंध?"

मी म्हातारीला ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमचा राखणदार सकाळपासून बाकावर आहे. संध्याकाळी अटक करावी लागेल."

सोडे निवडणारा हात थांबला.

"त्याला कशाला बसवलाय? गारी मी नेली."

"आई, तू गप बस. मॅडम, तिला काय कळत नाय."

"मना काय कलत नाय? भरती कधी येते ते मना कलतं. तुला कलतं काय?"

मग सगळं बाहेर आलं. लग्न होऊन आल्यापासून जिथं मीठ ओढलं, ती जागा तिला एकदा पाहायची होती. चिखलात पाय चालत नव्हते. मुलगा नातवंडांना गाडीवर बसवायचा आणि हिला म्हणायचा, पडशील. पहाटे ओहोटी पाहून ती एकटीच निघाली.

"चालवायला कुठे शिकलात?"

"बघून. आंगठा दाबला की चालते."

गाडी रुतली. भरतीत वाहून जाऊ नये म्हणून तिने ती बांधली आणि घरी आली, तर मुलगा फोनवर विम्याच्या एजंटशी बोलत होता. चोरीचे पैसे मिळतात, चिखलाचे नाहीत, हे तिने ऐकलं आणि गप्प बसली. राखणदाराला धरून नेलंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मालक खाली बसले. "पडली असतीस म्हणजे?"

"पडली नाय ना. रुतली."

दोघांचे जबाब घेतले. मालक स्वतः पोलीस ठाण्यात आले आणि राखणदारापुढे हात जोडून उभे राहिले. तो म्हणाला, "आधी डबा खातो, शेठ. मग बोलू."

पुढच्या ओहोटीला म्हातारीच्या मिठागरावरच्या पाच मैत्रिणी फळ्या आणि दोर घेऊन आल्या. हुकूम तिचा, ओढणारे सगळे. हवालदारांचा एक बूट अजून त्या खाडीत आहे. गाडी निघाली तेव्हा बांधावर जत्रेसारखा गलका झाला. शहाडच्या मेकॅनिकने ती धुऊन चालू केली. खर्च अर्थातच मालकांचा.

आजही कुणी असं वाहन घेतलं आणि विम्याचं विचारलं, तर मी सांगते, एजंटला फोन करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवा. गाडी कुठे जाणार आणि कोण कोण नेणार, ते विचारा. जिला तुम्ही 'पडशील' म्हणालात, तिला सगळ्यात आधी. तपासातही मला हे उशिरा सुचलं. दिवसभर मी चाव्या मोजत बसले होते.

राखणदाराच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला म्हातारी माझ्याशेजारी बसली होती. नवी पॉलिसी झाली, म्हणाली. चिखल, पाणी, सगळं धरून. चालवणारे दोन.

"एजंटानं इचारलं, आजी, गारी किती वेला चालवली?"

"मग काय सांगितलंत?"

"एकदाच. पन बांधून ठेवली होती."