अध्यक्षांच्या पत्नी

"हळू बोला, पुस्तक ऐकतंय," असे म्हणून त्या दोन्ही तळवे गालिच्यावर टेकत, आणि मुले गप्प होत. मागे खुर्चीवर बसलेला मीही गप्प होई.

अमेरिकेत बॉथेल गावी मुलाकडे राहत असताना दर शनिवारी नातीला घेऊन मी आमच्या वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये जात असे. मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी तेथे मुलांना मराठी गोष्टी वाचून दाखवीत. त्या नागपूरच्या, पेशाने ग्रंथपाल. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे येथे नोकरीची परवानगी नव्हती. सगळे त्यांना वहिनी म्हणत. अशा वहिनी तुम्हीही पाहिल्या असतील.

त्यांच्या फाइलमध्ये वर्तमानपत्रातले एक छायाचित्र होते. अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी लहान मुलांना पुस्तक वाचून दाखवीत होत्या.

"काका, या मुळात शाळेतल्या ग्रंथपाल. नवरा निवडून आला म्हणून यांनी पुस्तकं सोडली नाहीत. उलट राजधानीत पुस्तकांचा उत्सव सुरू केला."

"नवरा लढाई करतो आणि बायको गोष्टी वाचते," मी म्हणालो.

"लढाईचं त्यांना कोणी विचारलं असेल का, काका?"



मंडळातले तरुण थट्टा करीत. "चला, आपल्या फर्स्ट लेडी आल्या. आता चहा मिळेल यार."

"फर्स्ट लेडीला कोणी चहा करायला लावतं का?" असे म्हणत त्याच आधण ठेवीत.

२००८च्या अखेरीस देशात निवडणूक झाली, पाठोपाठ आमच्या मंडळातही. त्यांच्या यजमानांची मुदत संपली. शनिवारची खोली अध्यक्षांच्या पत्नीकडे, असा मंडळाचा रिवाज होता. तो कोठेही लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडलाही नव्हता. समितीच्या बैठकीला त्या स्वतः आल्या.

"मला बाकी काही नको. फक्त मुलांचा तास चालू राहू द्या."

"पण नव्या वहिनींना काय वाटेल?" सचिव म्हणाला. "त्यांनी मुलांचा डान्स प्लॅन केलाय. आता तुम्ही आराम करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. समितीत वयाने मी सर्वांत मोठा होतो. मी चष्मा पुसत राहिलो.

त्यांच्या सत्कारासाठी केक सांगायचा ठरला. फोनवर बेकरीतल्या मुलीने विचारले, नाव काय लिहू? आम्ही सहा पुरुष एकमेकांकडे पाहू लागलो. त्यांचे यजमान त्या दिवशी आले नव्हते. शेवटी सचिव म्हणाला, "फर्स्ट लेडी लिहा. आवडेल त्यांना."

त्यांनी केकवरची अक्षरे वाचली. "छान आहे," म्हणाल्या. सर्वांना तुकडे वाटले, स्वतः घेतला नाही.

नंतर त्या मंडळात दिसल्या नाहीत. कोणी चौकशी केली नाही. मीही नाही.

त्या हिवाळ्यात नातीला घेऊन मी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. मुलांच्या विभागात त्या जमिनीवर बसून इंग्रजीतून गोष्ट वाचत होत्या. समोर निरनिराळ्या देशांची मुले होती. काम बिनपगारी, स्वयंसेविकेचे. छातीवर बिल्ला होता आणि त्यावर त्यांचे नाव होते. मी ते प्रथमच वाचले.

नात माझा हात सोडून त्यांच्याकडे धावली. मी कपाटामागेच उभा राहिलो.