खिशातले सिम

फ्यूजकाकांच्या घरी पाहुणा पाणी प्यायला उठला, तर तो परत येईपर्यंत त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद झालेला असतो, असे इमारतीत म्हटले जाई. तळमजल्यावरची शिकवणीवाली त्याच्याही पुढे जाई. "त्यांच्याकडे जायचं तर एका जागी गप बसावं. जरा हललं की अंधार," असे ती सांगे. वरच्या मजल्यावरचा विमेवाला जिन्यात भेटला की मुद्दाम विचारी, "काय काका, आज काय काय बंद केलंत?" काका हसत नसत आणि रागावतही नसत. "जे कोणी वापरत नव्हतं ते," एवढे बोलून ते पायऱ्या उतरू लागत.

कंजुषीचा शिक्का मारून लोक मोकळे झाले होते. पण गोष्ट नुसत्या पैशाची नव्हती. काका एका मोठ्या छापखान्यात वायरमन होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मेन स्विच बंद करून ते शिडीवर वायर जोडत असताना, अंधार का झाला म्हणून पाहायला आलेल्या कोणीतरी तो स्विच भाबडेपणाने पुन्हा वर केला. काका शिडीवरून फेकले गेले आणि कागदाच्या गठ्ठ्यांवर पडले, म्हणून वाचले. त्या दिवसापासून त्यांचा कुठल्याही बटणावर विश्वास उरला नाही. कामाला हात घालण्याआधी ते मेन बंद करत, चिनी मातीचा फ्यूज उपटून पँटच्या खिशात घालत, खिशावरून एकदा हात फिरवत आणि मगच शिडी चढत. "बटण कोणीही दाबेल," ते म्हणत. "फ्यूज माझ्या खिशात आहे, म्हणजे मी जिवंत आहे." नाव पडले ते यावरून.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या मुलीचा परदेशातून फोन आला. ती तिथे एका प्रयोगशाळेत नोकरी करत होती आणि एकटी राहत होती. पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन लहान होते, त्याच दिवशी घरी सोडणार होते. पण घरी न्यायला आणि पहिली रात्र सोबत राहायला घरचे माणूस हवे, ते असल्याची खात्री पटल्याशिवाय आत घेत नाहीत, असा तिथला नियम होता. खोलीतली जोडीदारीण नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेलेली. काकूंचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नव्हते. राहता राहिले काका.

तिकीट हातात पडले आणि काकांची झोप उडाली. त्यांना विमानाची भीती नव्हती, फोनची होती. विमेवाला मागे असाच फिरायला जाऊन आला होता आणि त्याने जिन्यातच काकांना गाठले.

"काका, फोन सांभाळा. मी तिकडे एक कॉल नाही केला. फोन खिशात झोपला होता बघा, आणि आत आपला आपण चालू. फोटो वर चढतायत, व्हिडिओ खाली उतरतायत. परत आलो तर बिल बघून बायको म्हणाली, एवढ्यात तर मीपण आले असते."

काका खाली येऊन तडक मुलीशी बोलले. ती हसली. "बाबा, मी इथून पॅक घेऊन देते."

"नको. तिकीट तू काढलंस तेवढं पुरे."

"मग रोमिंगचा डेटा बंद ठेवा. बटण कुठे आहे ते आईला दाखवलंय मी. फोन मात्र चालू असू दे. मेसेज आला तर त्याचे पैसे लागत नाहीत. ऐकलंत का?"

"ऐकलं."

ऐकले होते, पटले नव्हते. काकूंनी पडद्यावरचे ते बटण बोटाने सरकवून दाखवले, तेव्हा काका चष्मा वर करून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "हे बटण नाही. हे बटणाचं चित्र आहे," ते म्हणाले. निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी तांब्याच्या तारेचा तुकडा फोनच्या कडेच्या भोकात खुपसला, इवलासा कप्पा बाहेर काढला, सिम चष्म्याच्या डबीत ठेवले आणि डबी सदऱ्याच्या खिशात टाकून वरून हात फिरवला.

"अहो, पण तिला काही सांगायचं झालं तर?" काकूंनी विचारले.

"काय सांगायचंय? पत्ता आहे, बसचा नंबर आहे, ती घरी आहे. ऑपरेशन उद्या. मी आज पोचतोय."

विमान मध्ये एका मोठ्या विमानतळावर बदलायचे होते. तिथवर काका निवांत होते. पण दुसऱ्या विमानाची वाट पाहत लोखंडी खुर्चीवर बसले आणि त्यांना चैन पडेना. आजूबाजूचा प्रत्येक माणूस कोणाशीतरी बोलत होता. काकांचा हात पुनःपुन्हा खिशाकडे जाई, फोन काढी, त्यात वेळ पाही आणि परत ठेवी. उठावे, काचेपर्यंत जावे, बॅगेच्या काळजीने मागे यावे, असे चालले होते. शेजारच्याने खुणेने दाखवले की इथे इंटरनेट फुकट आहे. काकांनी दाबून पाहिले. फोनने नंबर मागितला आणि त्या नंबरवर कोड पाठवतो म्हणाला. म्हणजे सिम घाला. "असं अडकवतात," काका स्वतःशी म्हणाले, आणि आपण फसलो नाही याचे समाधान त्यांना पुढच्या विमानात बसेपर्यंत पुरले.

मुलीच्या घरी पोचायला काही अडचण आली नाही. बस मिळाली, थांबा सापडला, रस्त्याच्या टोकाची विटकरी इमारतही सापडली. कोणीतरी बाहेर पडत होते, त्याच्यामागून काका आत शिरले आणि बॅग ओढत वर गेले. दार बंद होते. घंटा दाबली. पुन्हा दाबली. आत घंटेचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, पावलांचा नव्हता.

दुकानात गेली असेल, असे म्हणून ते पायरीवर टेकले. थोड्याच वेळात जिन्यातला दिवा आपोआप विझला. काकांनी उठून भिंतीवरचे बटण दाबले. दिवा लागला, आणि जरा टेकतात न टेकतात तोच पुन्हा विझला. एरवी या सोयीचे त्यांना कौतुक वाटले असते. आज बाहेर लख्ख दुपार असताना त्या बिनखिडकीच्या जिन्यात उठबस करता करता त्यांचा जीव मेटाकुटीला आला. तिच्या पोटात दुखू लागले असेल का? आत पडली तर नसेल? त्यांनी दाराला कान लावला. हाक मारली. समोरचे दार किलकिले झाले आणि एक म्हातारी बाई डोकावली. काकांनी मुलीच्या दाराकडे बोट दाखवले. बाईने जिन्याखाली बोट दाखवले, पोटावर हात ठेवला, काहीबाही बोलली आणि मान हलवली. त्यातले काकांना एवढेच समजले, की ती गेली आहे आणि दुखण्यापायी गेली आहे.

त्यांनी डबी उघडली. सिम चिमटीत धरले. पण कप्पा उघडणार कशाने? तारेचा तुकडा घरी खिडकीत राहिला होता. बोटाचे नख आत जाईना. बॅगेच्या चेनचे टोक जाईना. दिवा विझला, त्यांनी लावला, पुन्हा विझला. शेवटी पैशांचा आतला खिसा काकूंनी ज्या सेफ्टी पिनेने बंद केला होता, ती त्यांनी ओढून काढली. पीन दोनदा घसरून अंगठ्यात गेली. तिसऱ्या खेपेला कप्पा बाहेर आला.

सिम घातल्यावर काही वेळ फोन नुसता नेटवर्क शोधत राहिला. मग एकामागून एक मेसेज पडू लागले, सगळे मुलीचे. उद्या डॉक्टर नाहीत, आजच घेतायत. घरी नको, दवाखान्यात या, पत्ता खाली आहे. बाबा, फोन चालू करा. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. बाबा, कुठे आहात. आज नाही झालं तर तीन आठवडे थांबावं लागेल.

काकांनी फोन लावला.

"बाबा? कुठे आहात?"

"तुझ्या दारात. तू कशी आहेस? झालं?"

"नाही. माझ्या जागी दुसऱ्याला घेतलं आत." तिचा आवाज शांत होता. "ते विचारत होते, सोबतीचं माणूस नक्की येतंय का. विमान उतरलं हे मला दिसत होतं. पुढे तुम्ही कुठे आहात ते कसं सांगणार?"

"आता आलोय ना. सांग त्यांना. कोणालातरी फोन दे, मी बोलतो."

"बाबा, आता काही उपयोग नाही. येते मी घरी."

"मला भाषा येत नाही, पण हो तर म्हणता येतं. एकदा दे तर खरं."

"बाबा, ठेवा फोन. पैसे लागत असतील तुम्हाला."

ती टोमणा मारत नव्हती. लहानपणापासून जे ऐकत आली, तेच तिने सवयीने म्हटले होते. काकांनी जिन्याच्या कठड्याला धरले.

"लागू दे," ते म्हणाले. "तू बसमध्ये बसेपर्यंत बोलत राहा."

ती आली तेव्हा तिच्या मनगटावर दवाखान्याची कागदी पट्टी तशीच होती. काकांनी ती कापायला कात्री मागितली. ती म्हणाली, राहू द्या, मीच काढते.

ते तीन आठवडे काकांनी येरझाऱ्यांत घालवले. बिनतेलाचा भात आणि उकडलेला भोपळा खाऊनही तिला कळ यायची. मग ती उशी पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची आणि काका खिडकीपासून दारापर्यंत फिरायचे. ती कामावर गेली की ते फोन हातात घेऊन बसत. आंघोळीला जाताना तो दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवत आणि नळ मध्येच बंद करून कानोसा घेत. "बाबा, तो वाजला तर ऐकू येतो," ती म्हणे. "येत असेल," ते म्हणत, आणि नळ पुन्हा बंद करत.

ठरल्या दिवशी ऑपरेशन पार पडले. काकांनी सही केली, तिला घरी आणले आणि ती हिंडूफिरू लागल्यावर परतले.

विमेवाला जिन्यातच भेटला. "या काका. मग, रोमिंगचं बिल किती आलं?"

"एका फोनचं आलं."

"एकाच? एवढ्या दिवसांत? मानलं बुवा. मला शिकवा ही विद्या. म्हणजे पैसे वाचवलेच तुम्ही."

काकांनी बॅग खाली ठेवली.

"वाचवले. आणि पोरीने तीन आठवडे पोट धरून काढले."