न रडणारी बारा लेकरं

ती घटना मला आजही मोसंबी सोलताना आठवते. हल्ली मी एकट्यासाठीच सोलतो, म्हणून जरा जास्तच आठवते.

मी परभणी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली होती आणि लोक रोज कुणा ना कुणा फिरस्त्याला ठाण्यात आणून बसवत. अशात झरीकडच्या एका गावातला आमचा खबऱ्या धापा टाकत आला. विहाराच्या मागच्या खोलीत पाच-सहा बाया दुपारी दार लावून बसतात, भर उन्हाळ्यात मानवतहून लोकर आणतात, असे त्याने सांगितले. तेवढ्यावर मी हललो नसतो. मग त्याने खिडकीतून काय दिसले ते सांगितले.

"साहेब, फळीवर बारा लेकरं हायेत. समद्यांला टोप्या घातल्यात. अन् एक बी रडंना."

"झोपली असतील."

"बारा लेकरं एका टायमाला झोपतेत व्हय? तुमाला किती हायेत?"

मला दोन होती. मुद्दा पटला. स्टेशन डायरीत नोंद करून, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो. बूट बाहेर काढून छापा घालण्याची माझी ती पहिलीच वेळ.

फळीवर खरोखरच बारा इवली डोकी ओळीने होती. मी एक टोपी हळूच उचलली. खाली मोसंबी होती. उरलेल्या अकरा टोप्याही नियमाप्रमाणे उचलून पाहिल्या.

चौकशी मी सुरू केली, पण समोर त्या बायांमधल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. पाचव्या मिनिटाला मीच बाकावर उभा असल्यासारखा झालो. बाईंची एक विद्यार्थिनी परदेशात, थंड मुलखातल्या लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. दवाखाना कसाबसा चालला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी यंत्रे एकेक करून बंद पडत होती. ती विद्यार्थिनी सुट्टी संपवून त्याच दिवशी चारच्या एसटीने निघणार होती, आणि सोबत चाळीस टोप्या न्यायच्या होत्या. एवढ्याशा डोक्याचे माप कुणाला ठाऊक नव्हते. तिनेच सांगितले होते, मोठ्या मोसंबीएवढे.

"एवढंच डोकं?" मी विचारले.

"एवढंच. अन् रडत नाहीत. रडायला ताकद लागते, साहेब."

तीन वाजले होते. सदतीस टोप्या झाल्या होत्या. उरलेल्या तीन आमच्या छाप्यामुळे सुयांवरच अडकल्या होत्या. मी पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. महिला शिपायाने न विचारता काठी भिंतीला टेकवली आणि सुया उचलल्या. बाईंनी लोकरीची लड माझ्या दोन्ही मनगटांवर चढवली आणि हात हलवू नका म्हणाल्या. बेड्या घातल्यावर माणसाला कसे वाटते, ते मला तेव्हा कळले.

चारची एसटी आमच्या जीपने वीस मिनिटे थांबवून ठेवली. कंडक्टरला मी तपास चालू असल्याचे सांगितले. चाळिसावी टोपी खिडकीतून आत दिली.

घरी पत्नीला हे सांगितले, ती हसेल म्हणून. तिने फक्त लोकर कुठे मिळते ते विचारले. त्यानंतर दर उन्हाळ्यात आमच्या घरीही मोसंब्या टोप्या घालून बसू लागल्या.

गप्प माणसावर आम्हा पोलिसांचा आधी संशय जातो. त्याच्यात बोलण्याची ताकद उरली आहे का, हे आधी पाहावे, असे मी त्या दिवशी शिकलो. पत्नीच्या शेवटच्या महिन्यांत ते उपयोगी पडले.

तिची एक टोपी सुयांवर अर्धी राहिली होती. ती महिला शिपाई आता हवालदार आहे. तिने दर रविवारी येऊन मला टाके शिकवले. टोपी पुरी करून मी बाईंकडे नेली. मोसंबीवर सैल बसत होती.

"असू द्या," बाई म्हणाल्या, "डोकं वाढतं."