दफनभूमीचा रस्ता

सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि शिवणकाम करणारी मी निवडणुकीला उभी राहिले. आमचं गाव सोनईपासून जवळ. गावात चर्चच्या आसपास ख्रिस्ती लोकांची चाळीसेक घरं आहेत. त्यांच्या दफनभूमीकडं जाणारी जुनी गाडीवाट कधीच उसात गेली होती. कुणी वारलं की पेटी खांद्यावर घेऊन, मिळेल त्याच्या उसाच्या सऱ्यांमधून जावं लागायचं.

प्रचारात चर्चपुढच्या चिंचेखाली मी सांगून टाकलं, "निवडून आले तर पहिलं काम तुमच्या रस्त्याचं." टाळ्या पडल्या. मला चौथीत शिकवणाऱ्या बाई पुढंच बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दाबला. ती वाट पाण्याच्या पाटचारीच्या पलीकडून, दुसऱ्याच्या रानातून जाते असं मी धरून चालले होते.

निवडून आल्यावर मोजणी झाली. वाट अलीकडून निघाली, आमच्याच उसातून. ऊस माझ्या नवऱ्याचा आणि दिराचा, सामाईक. दीर म्हणाला, "वहिनी, शब्द द्यायच्या आधी घरात इचारायचं हुतं. चार सऱ्या जात्यात. मी न्हाई सोडायचो."

ग्रामसभेत बाई उठल्या. "सरपंचताई, रस्त्याचं काय झालं?"

शाळेत त्या मला अगं-तुगं करायच्या. त्या 'ताई'नंच मी गांगरले. म्हणाले, "कायदेशीर अडचण आहे. मोजणी व्हायची आहे." मोजणीचा नकाशा माझ्या पिशवीत होता. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं," आणि खाली बसल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढं काही महिन्यांनी बाईंचे यजमान वारले. मी गेले, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. आदल्या दिवशीच आमच्या उसाला पाणी दिलेलं. पेटी धरलेली माणसं घोट्याएवढ्या चिखलात झोकांड्या खात होती, पाचट तोंडावर येत होतं. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि आधाराला माझा खांदा धरला, मी जवळ होते म्हणून. विचारलंच तर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. त्या म्हणाल्या, "जपून टाक पाय. पुढं खोलगट आहे. मागं जावेला नेलं तेव्हा मी तिथंच पडले होते."

घरी येऊन मी पाय धुतले आणि नवऱ्याला म्हणाले, "मी खरं सांगणार आहे." तो म्हणाला, "माझ्या वाटणीच्या दोन सऱ्या दे. त्याच्या त्याला माग."

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. "मागं मी खोटं बोलले. मोजणी कधीच झाली होती. अडचण कायद्याची नव्हती, माझ्या घराची होती. वाट आमच्या उसात आहे." मागून कुणीतरी हसलं. दीर उठला आणि सगळ्यांदेखत बाहेर गेला.

त्यानं त्याच्या सऱ्या दिल्या नाहीत. ऊस तुटल्यावर नवऱ्याच्या दोन सऱ्यांवर मुरूम पडला. मी रस्ता कबूल केला होता. झाली ती बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. उरलेल्या दोन सऱ्या मागायला पंचायतीनं कागद चालवला असता तर मिळाल्याही असत्या. तेवढं बळ माझ्यात आलं नाही. दीर वर्षभर माझ्याशी थेट बोलला नाही. दिवाळीला जेवायला आला, तेव्हाही माझ्या मुलीला म्हणाला, "आईला सांग, भाजी लई चांगली झालीय."

मी बाईंना वाट दाखवायला नेलं. त्या टोकापर्यंत चालल्या, परत आल्या. म्हणाल्या, "चार माणसं पेटी धरून नीट जातील. पण तू अर्धंच केलंस गं."

"व्हय बाई," मी म्हणाले.

ते 'गं' मात्र मला बरं वाटलं.